बजेट म्हणजे आधी करून घेतलेलं भांडण

पाऊस दरवर्षी जूनमधे येतो आणि शाळेची फी पण दरवर्षी जूनमधेच येते. पावसासाठी आपण मे महिन्यातच छत्र्या उघडून बघतो, गॅलरीला ताडपत्री लावतो, गच्ची गळत असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागतो. फी मात्र दरवर्षी अचानक येते. आमच्याकडे तरी बरीच वर्षं अशीच यायची. शाळेचा मेसेज आला की बायको म्हणायची भरून टाक, मी म्हणायचो आत्ता कुठून भरू, मग "गेल्या महिन्यात टीव्ही घ्यायला होते की रे", मग टीव्ही नक्की कुणाला पाहिजे होता, मग तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला आहेर, मग माझ्या भावाला दिलेले आणि परत न आलेले पैसे, आणि मग दोन दिवस अबोला. शेवटी फी क्रेडिट कार्डावर जायची आणि तिचे हप्ते दिवाळीपर्यंत पुरायचे. दिवाळीचा खर्च मग परत कार्डावर.

आणि गंमत म्हणजे त्या काळात आमच्याकडे हिशोब नव्हता असं अजिबात नाही. मी एक्सेलमधे सगळं लिहायचो. भाजी, पेट्रोल, दूध, इस्त्री, मुलांच्या सर्दीची औषधं, सगळ्याला वेगवेगळे कॉलम, महिन्याच्या शेवटी गोल चकतीचा चार्ट. कोथिंबिरीवर किती गेले ते मला सांगता यायचं. फीचे एक लाख दहा हजार जूनमधे कुठून येणार हे नाही सांगता यायचं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की हिशोब लिहिणं आणि बजेट करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे पहिलीलाच दुसरी समजतात. हिशोब झालेल्या खर्चाचा असतो, पंचनामा म्हणा ना. बजेट व्हायच्या खर्चाचं. आणि एका घरात दोन कमावती माणसं, दोन पोरं आणि गावी म्हातारे आईबाप असतील तर व्हायच्या खर्चावर सगळ्यांचं एकमत असणं शक्यच नाही, त्यामुळे बजेट म्हणजे दुसरं काही नसून जे भांडण जूनमधे रिकाम्या हाताने होणार आहे ते फेब्रुवारीत, पैसे शिल्लक असताना आणि डोकं थंड असताना करून घेणं. ज्या घरात भांडण झालं नाही त्या घरात बजेट झालेलं नाही, एकाने बसून वही लिहिली एवढंच.

हे मला शिकवलं कुणी, तर आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी. एका जूनमधे त्या म्हणाल्या दादा उद्या दोन तास उशीर होईल, पोराची फी भरायचीय. मी सहज विचारलं, पैसे लागतायत का. तर म्हणाल्या, नाही, मेचा नंबर माझाच होता की. बारा बायकांची भिशी, महिन्याला हजार, म्हणजे ज्या महिन्यात नंबर लागेल त्या महिन्यात बारा हजार हातात. नंबर चिठ्ठ्या टाकून काढतात, पण मावशींना लागला होता नोव्हेंबर, तो त्यांनी दुसऱ्या बाईच्या मेशी बदलून घेतला, कारण त्या बाईच्या मुलीचं बाळंतपण नोव्हेंबर-डिसेंबरात होतं. म्हणजे दोघींनीही आपापला वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च कधी येणार हे ओळखून त्या महिन्यात पैसे उभे केले, एक ओळ न लिहिता. आणि मी, चार्ट काढणारा माणूस, फी कार्डावर भरत होतो.

तर पहिला मुद्दा हा, की घराचं बजेट महिन्याचं करायचं हे डोक्यातून काढून टाकलं पाहिजे. पगार महिन्याचा असतो म्हणून आपल्याला वाटतं खर्चही महिन्याचा असतो. तो नसतो, खर्च वर्षाचा असतो. आमच्या घरी एका रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि मागच्या वर्षभराचे बँकेचे आणि कार्डाचे स्टेटमेंट काढून फक्त असेच खर्च लिहिले, जे वर्षातून एकदा-दोनदाच येतात. दोन मुलांची फी १,१०,०००. स्कूल बस आणि वह्या-पुस्तकं-युनिफॉर्म ३०,०००. मेडिक्लेम ३४,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग २२,०००. घरपट्टी ९,०००. दिवाळी ३०,०००. गावाकडच्या फेऱ्या आणि जत्रा १८,०००. लग्नं-मुंजी-बारशी १५,०००. दाताचा डॉक्टर ८,०००. बेरीज केली तर २,७६,०००, म्हणजे महिन्याला २३,०००. मी माझ्या शीटमधे ह्या सगळ्यासाठी जो कॉलम ठेवला होता त्याचं नाव होतं 'इतर'.

बायको बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती आणि मग म्हणाली, म्हणजे आपला पगार आपण समजतो त्यापेक्षा तेवीस हजारांनी कमीच आहे. मला वाटतं त्या एका वाक्यात आमचं अर्ध्याहून जास्त बजेट झालं.

बरं, रोजचा खर्च लिहून ठेवण्याबद्दल मला आदर आहे, नाही असं नाही, पण तो लिहिताना आपण काय विसरतो ते बघा. सरकार जेव्हा घरखर्चाचा सर्व्हे करतं तेव्हा ते सगळ्या गोष्टी एकाच पद्धतीने विचारत नाही. भाजी, फळं, अंडी, मटण, मासळी, तेल, बाहेरचं खाणं ह्याबद्दल विचारतात गेल्या सात दिवसांत किती. धान्य, डाळी, साखर, भाडं हे तीस दिवसांचं. आणि कपडे, चपला, शिक्षण, हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होणं, फ्रिज-टीव्ही हे पूर्ण वर्षाचं. कारण उघड आहे, तीन आठवड्यांपूर्वीची मेथीची जुडी कुणाला आठवणार, पण फ्रिज कधी घेतला ते आठवतंच, आणि तो दर महिन्याला घेत नाही त्यामुळे महिन्याचा विचारला तर हाती काहीच लागत नाही. म्हणजे एवढा प्रचंड सर्व्हे करणाऱ्यांनाही कळलंय की सगळा खर्च एका मापाने मोजता येत नाही, आणि आपण मात्र सगळं एका महिन्याच्या डब्यात कोंबतो.

त्याच सर्व्हेतली अजून एक गोष्ट. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ ह्या काळात शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये निघाला. त्यात खाण्यापिण्याचा वाटा शहरात सुमारे ४० टक्के, गावात ४७. आणि खाण्यापिण्यातला सगळ्यात मोठा तुकडा कशाचा, तर तांदूळ-गव्हाचा नाही, दुधाचा पण नाही, पेयं आणि तयार खाण्याचा. शहरातही आणि गावातही. चहा, वडापाव, बिस्किटं, चिवड्याची पाकिटं, रविवारचं पार्सल. आता हा खर्च घरातल्या वहीत कधी दिसतो का? वही लिहिणारी व्यक्ती किराणा लिहिते, कारण त्याची यादी असते. टपरीवरचा चहा पिणारा घरी येऊन सांगत नाही.

पूर्वी निदान खिशातले सुट्टे संपले की कळायचं. आता यूपीआयमुळे प्रत्येक चहाची नोंद आपोआप होते म्हणे, मग लिहायचं कशाला? करून बघा. स्टेटमेंट काढलं तर त्यात भेळवाल्याच्या नावापुढे भेळवाला नसतं लिहिलेलं, त्याच्या मेव्हण्याचं संपूर्ण नाव असतं. महिन्याच्या शेवटी आपण बघत बसतो की ह्या कुठल्या बाईंना मी चौथ्यांदा ऐंशी रुपये पाठवले, आणि बायकोने बघायच्या आधी आठवलं तर बरं. आमच्या दोघांच्या मिळून महिन्याला अशा दीड-दोनशे नोंदी होतात. एवढ्या नोंदी कुणी वाचत नाही. जास्त माहिती असली की जास्त कळतं हा ॲप बनवणाऱ्यांचा समज आहे, संसार करणाऱ्यांचा नाही.

माझं लहानपण कोल्हापूरकडच्या गावात गेलं. वडिलांचा ऊस, आईच्या दोन म्हशी. वर्षाला ठरलेला पगार वगैरे भानगड नाही. उसाचं बिल कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला पाहिजे असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, प्रत्यक्षात कधी मिळतं ते ऊसवाल्यांना विचारा. आणि मिळालं तरी त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधीच वळतं झालेलं असतं. डेअरीचं दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसाला. आईचा नियम एकच होता, "दुधाचं पैसं घरात, उसाचं पैसं शेतात, मधी हात घालायचा न्हाई." वडिलांना बी-बियाण्याला कमी पडले तरी दुधाचे पैसे मिळायचे नाहीत, आणि आईला पैठणी घ्यायची झाली तर ती उसाच्या बिलातून मागायची नाही. अर्थशास्त्रवाले म्हणतील रुपया तो रुपया, डाव्या खिशातला काय आणि उजव्या खिशातला काय, आणि त्याच लोकांमधले रिचर्ड थेलर ह्यांना माणसं असे डबे का करतात हे समजावून सांगण्याच्या कामासकट २०१७ चं नोबेल मिळालं. आईला ते आधीपासून माहीत होतं एवढंच.

पण खरी गोष्ट त्या नियमापेक्षा आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होती. त्यात तारखेच्या चौकटीत आई पेन्सिलीने खुणा करायची. सिलेंडर लावला त्या दिवशी एक गोल. गिरणीत दळण टाकलं की 'द'. आणि वर्षातून एखाद्या चौकटीत फुली. ती फुली म्हणजे त्या दिवशी म्हैस भरवली. आम्हा पोरांना वाटायचं तिला रेडकाची वाट बघायची असते. ते तर होतंच, पण म्हैस दहा महिन्यांनी विते आणि त्याच्या आधी दोन-अडीच महिने आटते, दूध बंद, म्हणजे दुधाचं बिल अर्ध्यावर, म्हणजे अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत घरात पैसा कमी येणार. आई फुली करतानाच पुढची पानं उलटून तो काळ बघून ठेवायची, आणि त्यात जर श्रावण-गणपती येत असतील तर वडिलांना तेव्हाच सांगायची की ह्या वर्षी सणाचं तुमच्याकडून लागेल. त्यावर वडील चिडायचे, जोरात बोलणी व्हायची. पण व्हायची ती सात महिने आधी.

मी ह्याला बजेट म्हणतो. सातवी शिकलेल्या बाईने पेन्सिलीच्या एका फुलीवर केलेलं.

आता ह्याची दुसरी बाजू पण लिहिली पाहिजे, नाहीतर आजी-आईच्या शहाणपणाचं गुणगान गाऊन मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. आईला उसाच्या पैशात मत नव्हतं. ऊस किती, कर्ज किती, कुणाला हातउसने दिले, ह्यातलं तिला काही माहीत नसायचं. आणि ही परिस्थिती फक्त गावातली नाही, आमच्या सोसायटीत आजही अशी घरं आहेत जिथे नवरा बायकोला 'घरखर्चाला' ठरावीक रक्कम देतो आणि स्वतःचा पगार सांगत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा काय झालं आठवा. तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून, देवघराच्या मागून पैसे बाहेर आले, आणि ते इतक्या घरांमधून आले की गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. त्यावर तेव्हा भरपूर जोक झाले, व्हॉट्सॲपवर नुसता पाऊस. मला ते जोक आज आठवले तरी कसंतरी होतं. तो डबा म्हणजे ज्या माणसाला घराच्या निर्णयात मत नाही त्याने चोरून केलेलं बजेट होतं. मुलाची फी, आईचं औषध, नवऱ्याची नोकरी गेली तर काय, सगळ्याची तरतूद त्यात होती, आणि एका रात्रीत ते नवऱ्यासमोर ओतून ठेवावं लागलं.

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार बायकांच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले, त्यावर कितीही राजकीय वाद घाला, तिजोरीला परवडतं की नाही हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझंही मत फार चांगलं नाही, पण स्वतःच्या नावाच्या खात्यात येणारा पैसा आणि नवऱ्याने मोजून हातात ठेवलेला पैसा ह्यात फरक आहे हे ज्यांना कळत नाही त्यांनी एक महिना मोजून दिलेल्या पैशावर राहून बघावं.

म्हणूनच "घरात हिशोब ठेवा" हा सल्ला मला सरसकट पटत नाही. हिशोब हे चांगलं हत्यार आहे, पण ते कुणाच्या हातात आहे ते बघायला लागतं. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध, बायको भाजी घेऊन आली की पिशवी आणि उरलेले सुट्टे दोन्ही तपासतात. वीस वर्षांच्या वह्या आहेत त्यांच्याकडे. त्यांच्या बायकोला रिक्षाने जायचं असलं तर ती बसने गेले म्हणून सांगते आणि उलटं पण. ह्या घरात हिशोब आहे पण त्यातले आकडे खोटे आहेत, आणि चूक बायकोची नाही. आम्ही त्यावर एक उपाय केलाय, दोघांना महिन्याला ठरावीक रक्कम बिनहिशोबी. मी त्यातून काय केलं ते ती विचारणार नाही, तिने काय केलं ते मी नाही. दोघांची रक्कम सारखी, पगार सारखा नसला तरी. ह्या सारखेपणावरून आमचं एक छोटं भांडण झालं होतं, त्यात मी हरलो, आणि हरायलाच पाहिजे होतो.

आता तो पन्नास-तीस-वीसचा नियम. गरजा ५०, हौस ३०, बचत २०. यूट्यूबवर प्रत्येक आर्थिक सल्लागार हे अशा थाटात सांगतो की जणू गीतेत लिहिलंय. हा हिशोब अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ मधे मांडला. वॉरनबाई पुढे सिनेटर झाल्या, तेव्हा त्या हार्वर्डमधे दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या, कर्जात बुडालेली अमेरिकन कुटुंबं त्यांनी जवळून अभ्यासली होती, त्यांच्या जागी तो नियम बरोबरच असेल. पण पंचवीस-तीस हजारात चिंचवडला किंवा डोंबिवलीला घर चालवणाऱ्याने काय करायचं? भाडं, किराणा, ट्रेनचा पास, फी आणि गावी पाठवायचे पैसे ह्यातच पगार संपतो, हौसेचे ३० टक्के कुठून आणणार, त्याला हा नियम ऐकून फक्त अपराधी वाटतं. आणि तीन लाख पगारवाल्याने ह्याच नियमाने ३० टक्के हौसेला ठेवले तर नव्वद हजार उडवायला त्याला जणू लायसन्सच मिळतं. दोघांनाही नियमाचा उपयोग शून्य.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. ज्याचं उत्पन्नच पुरत नाही त्याला बजेटचा काय उपयोग, त्याला पगारवाढ पाहिजे, अंथरूण पाहून पाय पसरा हे ज्याचं अंथरूणच टीचभर आहे त्याला सांगणं म्हणजे चेष्टा आहे. मला हे मान्य आहे. मावशींच्या भिशीने त्यांचं उत्पन्न एका रुपयाने वाढलं नाही. पण खासगी सावकार किंवा पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप त्यांच्या दारात येऊ शकलं नाही एवढं तिने केलं, आणि कमी पैशात हेच सगळ्यात महागात जातं. गरिबाला बजेट शिकवायला जाऊ नका, त्याला ते येतं. शिकायची गरज आहे ती आमच्यासारख्यांना, ज्यांना पगार पुरतो असं वाटतं, आणि ज्यांना नो कॉस्ट ईएमआयवर फोन घेताना वाटतं की फुकट आहे.

राहिला प्रश्न की ठरवलेलं मोडलं तर काय. मोडणारच. घराची बजेटं बहुतेक इथेच मरतात, मार्चमधे गीझर जळतो, ठरवलेली रक्कम ओलांडली जाते आणि आपण म्हणतो जाऊ दे, आपल्याला नाही जमत. ह्या बाबतीत मी विधानसभेकडे बघतो. मार्चमधे एवढा मोठा अर्थसंकल्प मांडतात, सगळं खातं इकडचं तिकडे जुळवतात, आणि पावसाळी अधिवेशन आलं की पुरवणी मागण्या, नागपूरला हिवाळी अधिवेशन आलं की परत पुरवणी मागण्या. त्यांचं प्रमाण हा टीकेचा विषय आहे, पण पद्धत म्हणून बघा, अंदाज चुकला तर परत सभागृहासमोर यायचं, मागायचं, मंजूर करून घ्यायचं. आमच्या घरी पण आता पुरवणी मागणी आहे. गीझर जळाला, बसा, कशातून काढायचे बोला. गेल्या वेळी दिवाळीच्या तीस हजारातून सहा काढले आणि मुलीने जाहीर निषेध नोंदवला कारण तिचा ड्रेस गेला. पण तिला माहीत होतं कशामुळे गेला.

वर्षाची यादी आता आम्ही फेब्रुवारीतल्या एका रविवारी करतो, तेवीसचे पंचवीस हजार झालेत, ते पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात जातात आणि त्या खात्याचं कार्ड किंवा यूपीआय कुणाच्याच फोनमधे नाही. रोजचं लिहिणं मी बंद केलंय. कोथिंबिरीचं काय चाललंय मला आता माहीत नाही.

यंदाच्या यादीत एक ओळ मात्र अजून रिकामी आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्ही डोळ्यांचं. आम्हा दोघा भावांनी त्यात किती-किती घालायचे हे ठरायचंय, आणि त्या जुन्या परत न आलेल्या पैशांचा विषय त्यात निघणार हे मला माहितीये, त्यालाही माहिती असणार. बायको दोनदा म्हणाली फोन कर. गणपतीला गावी गेलो की समोरासमोर बोलू, असं मी फेब्रुवारीपासून म्हणतोय.